दारापेक्षा मोठी ढोली

तेजराम मेश्रामांनी तेहतीस वर्षांच्या नोकरीत स्वतःच्या हातांनी एकच मोठं काम केलं होतं. त्यांनी भंडारा जिल्हा फोडला होता. तसा तो सरकारनं फोडला म्हणा, पण सरकार काय, सही करून मोकळं झालं. फायली फोडल्या त्या तेजरामांनी. ही गोंदियाची, ही भंडाऱ्याची, ही दोघांनाही नको असलेली, असे तीन ढीग लावत त्यांनी अख्खा उन्हाळा काढला होता. निवृत्तीला दोन वर्षं झाली तरी कुणी "साहेब, कोणत्या कामात होते तुम्ही?" असं विचारलं, की ते आधी चष्मा पुसत आणि मग म्हणत, "विभाजनात."

त्यापलीकडे त्यांच्या हातांना काही येत नव्हतं. भिंतीत खिळा ठोकायचा झाला तरी शेजारच्या हिरालालला हाक जायची. हिरालाल धान्याचा व्यापारी. तो खिळा ठोकायचा, वर एक सल्ला द्यायचा, आणि सल्ला खिळ्यापेक्षा खोल जायचा.

अशा माणसानं हाताची कामं शिकवायचा वर्ग काढला, याला कारण त्यांच्या सासूबाई.

गिरजाबाई एकोडीच्या. मागच्या पावसाळ्यात अंगणात घसरल्या, मनगट मोडलं, म्हणून लेकीनं, म्हणजे सत्यभामाबाईंनी, त्यांना भंडाऱ्याला आणलं. मनगट दोन महिन्यांत जुळलं. त्यानंतर बाई खुर्चीवर बसून राहिल्या. सत्तर वर्षं शेण, माती, धान नि तणसात चाललेले ते दोन हात मांडीवर असे ठेवलेले असायचे, जसे कुणी दुसऱ्याच्या घरी विसरून गेलं आहे.

आता एक रीत सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. गिरजाबाई जावयाशी बोलत नसत. भांडण नव्हतं, उलट मान होता. त्यांच्या पिढीतली सासू जावई दिसला की डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढायची आणि जे सांगायचं ते लेकीच्या मार्फत. एकतीस वर्षांत त्यांनी तेजरामांना थेट एक अक्षर सांगितलं नव्हतं. दोघं एकाच टेबलाशी दोन हातांच्या अंतरावर बसलेले असत आणि गिरजाबाई म्हणत, "सत्ते, त्याईले म्हण, चहा थंडा होऊन राह्यला."

सत्यभामाबाई भाजी चिरता चिरता म्हणत, "चहा थंडा होऊन राह्यला."

"सांग, घेतो."

"घेतो म्हणतात."

रोजची चाळीस-पन्नास पत्रं सत्यभामाबाई अशी पोचवत असत, आणि एकही कधी गहाळ झालं नव्हतं.

पण एक दिवस जे पत्र आलं ते त्यांना वाचून दाखवता येईना. "सत्ते, त्याईले म्हण, धान निघाले का मी एकोडीले जातो."

"तिथं कोण आहे माय आता?"

"कोणी नाही. पण काम तं आहे. इथं काय करू? या फरशीले काय सारवू?"

त्या रात्री जेवताना सत्यभामाबाईंनी नवऱ्यासमोर पोळी आपटली. "एकटी पुन्हा पडली तं चार दिवस कोणाले समजणार नाही. मी सांगून सांगून थकली. माह्या तोंडचं तिले नको आहे. जवाई म्हणन 'राहा', तं राह्यल ते लेकीच्या घरी. नाहीतं नाही."

"मग तू सांग ना, की मी म्हणतो राहा."

"तेच तं! मी सांगतलं का ते माहंच होते."

तेजरामांनी पाणी प्यायलं. हा पेच कोणत्याही नियमपुस्तिकेत नव्हता. थेट बोलावं तर म्हातारीचा मान जातो, न बोलावं तर म्हातारीच जाते. अशा वेळी त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. एक अर्ज लिहिला. विषय : पारंपरिक गृहोपयोगी हस्तकौशल्य प्रशिक्षण वर्ग भरविण्याबाबत. प्रशिक्षिका : श्रीमती गिरजाबाई. फी : नाही. हातांना काम मिळालं तर हात कशाला जातील, असा त्यामागचा विचार, पण तो अर्जात लिहिता येत नाही.

जो वर्ग सरकारी कागदावर नाही तो तेजरामांच्या लेखी भरतच नव्हता, म्हणून ते एका कार्यालयात गेले. तिथं कळलं की बांबूचा विषय या टेबलाचा नाही, शेणाचा वरच्या मजल्यावर, धान साठवण्याचा समोरच्या इमारतीत, आणि तिन्ही एकत्र असलेला विषय कुठंच नाही. शेवटी एका टेबलावर अमर भेटला. या अमरला अर्ज तपासायला तेजरामांनीच शिकवलं होतं. त्यानं उठून नमस्कार केला, चहा मागवला, आणि अर्जात अकरा त्रुटी काढल्या.

"सर, प्रशिक्षिकेचं शिक्षण?"

"शाळेत नाही गेल्या."

"अनुभव?"

"सत्तर वर्षं."

"अनुभव प्रमाणपत्र?"

"अरे, ते कोण देणार? गाय?"

अमर खाली मान घालून म्हणाला, "सर, तुम्हीच शिकवलं होतं. कागदाशिवायचा अनुभव म्हणजे नुसतं वय."

तेजराम जिना उतरले ते दुखावलेले होते, पण थोडे भारावलेलेही. बाराव्या त्रुटीला जागाच नव्हती इतकं ते काम चोख होतं.

वर्ग मग कागदाशिवायच भरला, वस्तीच्या समाजभवनात. भवनाच्या समितीचे सचिव धनीराम. त्यांनी होकार दिला तो एका अटीवर : सोमवारी सकाळी हॉल जसाच्या तसा मोकळा पाहिजे. त्यांना तशी प्रत्येक गोष्टीला अट घालायची सवय होती. पाणी मागितलं तरी "ग्लास परत द्या" म्हणत.

हिरालालचं मत मागितलेलं नव्हतं, तरी आलं. "तेजरामभाऊ, लोकं शेणात हात घालाले येणार नाहीत. माह्याकडे पत्र्याच्या कोठ्या आहेत, दोन ठेवून देतो, त्याईले रंग माराले शिकवा. अन् सर्टिफिकेट द्या, लॅमिनेशनवालं."

लोक आले. तेवीस जण आले. एकवीस बायका नि दोन निवृत्त पुरुष, त्यातला एक बायकोला सोडायला आला होता आणि परत जायची हिंमत नसल्यानं बसला. धनीरामांची खुशबूही आली. बी.एस्सी. झालेली पोरगी, आठवड्याभरानं, सोमवारी, याच भवनात तिचा साखरपुडा होता. "आजी, घरी सगळे साड्याच दाखवून राह्यले. मले काही तरी खरं शिकवा," असं म्हणून ती पुढंच येऊन बसली.

शेण आणायचं काम तेजरामांकडे होतं. एका गवळ्याकडून बादली भरून घेतली, स्कूटरवर दोन पायांमध्ये ठेवली, आणि फिरायला निघालेल्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या अख्ख्या घोळक्यासमोर गतिरोधक आला. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगते, की ज्या माणसानं आयुष्यभर पांढऱ्या शर्टाला शाईचा डाग पडू दिला नाही, तो माणूस ताठ मानेनं "नमस्कार, नमस्कार" करत त्या घोळक्यातून गेला आणि घोळक्यानं आपोआप वाट करून दिली.

पहिला धडा सारवणाचा. गिरजाबाईंनी भवनाच्या चकचकीत फरशीकडे पाहिलं, मग लेकीकडे. "सत्ते, त्याईले म्हण, हे इथं धरणार नाही."

"धरणार नाही म्हणते."

"सांग, प्रात्यक्षिक आहे. धरलं पाहिजे असं नाही."

तासाभरात सारवण वाळलं आणि पंख्याच्या वाऱ्यानं पापडासारखं उचलून हॉलभर फिरू लागलं. तेवीस जण पापड पकडत धावले. गिरजाबाई खुर्चीवर बसून हसत होत्या. आवाज न करता, खांदे हलवत, पदरात तोंड घालून. पाच महिन्यांत पहिल्यांदा. सत्यभामाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि तेजरामांना कपाळाला चिकटलेला पापड काढायचंही सुचलं नाही.

इथंच थांबले असते तर ही गोष्ट एवढ्यावर मिटली असती. पण यशानं माणूस बहकतो. तेजरामांनी जाहीर केलं, पुढच्या शनिवार-रविवारी ढोली.

ढोली म्हणजे धान ठेवायची बांबूची मोठी कणगी. आधी कमच्या, म्हणजे बांबूच्या पट्ट्या, विणायच्या, मग आतून-बाहेरून माती नि शेणाचा लेप. विणायला आंधळगावहून कवडू आला. बांबूच्या कमच्यांचा भारा खांद्यावरून उतरवत त्यानं विचारलं, "साहेब, केवढी पाह्यजे? पाच खंडीची का दहाची?"

खंडी म्हणजे नेमकं किती, हे तेजरामांना माहीत नव्हतं. पण तेवीस लोकांसमोर ते विचारणार कसं? लहान आकडा मागणं त्यांना कमीपणाचं वाटलं. ते म्हणाले, "दहा."

"दहा," कवडू म्हणाला, आणि एक क्षणभर त्यानं हॉलकडे बघून घेतलं. पण तो कारागीर माणूस. साहेबाच्या हॉलमध्ये साहेबाची ढोली.

शनिवारी दिवसभर तो विणत होता आणि लोक बघत राहिले. त्यांनी शिकायचं होतं हे विसरून गेले. त्याची बोटं पुढं, नजर दुसरीकडंच, तोंडात तंबाखू, सिहोऱ्याच्या मेव्हण्याची गोष्ट चालू, आणि हाताखालून भिंत वर येत होती. माप नाही, खूण नाही. संध्याकाळी ती उभी राहिली तेव्हा पाच फूट उंच, साडेपाच फूट रुंद, पोटाशी फुगलेली आणि गळ्याशी आवळलेली होती. तेजराम तिच्याभोवती तीनदा फिरले. तिसऱ्या फेरीत त्यांनी चपला काढल्या. का काढल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

रविवारी सकाळी लेपाला सुरुवात झाली. वारुळाची माती, शेण, धानाच्या पेंढ्याचं बारीक कापलेलं तणस, पायांनी तुडवून मऊ केलेलं. बाहेरून लेप सगळ्यांनी लावला. मग गिरजाबाई म्हणाल्या, "आतून मी लावतो," आणि कुणी काही बोलायच्या आत स्टुलावर चढल्या, कमरेला पदर खोचला, आणि कवडूच्या हाताला धरून ढोलीच्या तोंडातून आत उतरल्या. ऐंशी वर्षांची बाई, मनगट मोडलेली. आतून थाप ऐकू आली. थप, आणि लांब ओढ. थप, आणि लांब ओढ.

तेजराम स्टुलावर चढून वरून मातीचे गोळे देत होते. दहा मिनिटांनी आतून आवाज आला, खणखणीत, थोडा चिडलेला :

"जवाईबापू, माती द्या! हात सुकून राह्यला!"

सत्यभामाबाईंच्या हातातलं मातीनं भरलेलं तसराळं खाली पडलं. तेजरामांनी मागं वळून पाहिलं, आणखी कुणी जावई आहे का म्हणून.

"जवाईबापू! आयकू येते का नाही?"

"येते! देतो! हे घ्या, मामी!"

एकतीस वर्षांत पहिलं वाक्य. मध्ये भिंत होती, तोंड दिसत नव्हतं, म्हणजे मान राहिला. आणि मान राहिला म्हणजे बोलता येत होतं. मग काय विचारता! "जवाईबापू, हा गोळा पातळ आहे." "जवाईबापू, गोटा आला यात, दात पडन धानाचे." "जवाईबापू, ऑफिसात असंच काम करत होते का?" एकतीस वर्षांची थकबाकी त्या ढोलीतून बाहेर येत होती, आणि तेजराम कोपरापर्यंत शेणानं माखून "हो मामी, देतो मामी" करत होते. त्यांना कोणत्याही साहेबानं इतकं झापलं नव्हतं आणि झापून घेताना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

दुपारी गिरजाबाई म्हणाल्या, "आता दारं-खिडक्या लावा. अन् मले उजेड द्या."

खुशबूनं मोबाइलचा टॉर्च लावून आत सोडला. हॉल अंधारला. आणि ढोलीवर चांदण्या उगवल्या. जिथं जिथं लेप विरळ राहिला होता, तिथं तिथं सुईच्या टोकाएवढा उजेड. शंभर असतील, दोनशे असतील. आत ती बाई हलली की चांदण्या विझायच्या नि पुन्हा पेटायच्या. बायकोला सोडायला आलेला तो गृहस्थही पुढं सरकला.

"पाहून काय राह्यले?" ढोली म्हणाली. "बुजवा एकेक. एक भोक राह्यलं तरी कीड जाते."

मग तेवीस जण बोटांवर माती घेऊन एकेक चांदणी विझवू लागले. तेजरामांच्या छातीच्या उंचीवर एक राहिली होती. त्यांनी बोट पुढं केलं आणि आधी डोळा लावला. आत त्या उजेडात गोल भिंतीवर हाताच्या ओढी दिसत होत्या, एकीवर एक चढलेल्या अर्धगोल लाटा, खालपासून वरपर्यंत, एकसारख्या. जुळलेल्या मनगटानं काढलेल्या. त्यांनी तीस वर्षं कागदावर ओळी मारल्या होत्या, पट्टी लावून. त्यांची एकही ओळ अशी आली नव्हती.

त्यांनी डोळा काढला आणि तोंड लावलं. हळूच म्हणाले, "मामी, जाऊ नका. घरी राहा."

आत थाप थांबली.

मग अगदी जवळून, भिंतीच्या पलीकडून आवाज आला, "जवाईबापू, भोक बुजवा. उजेड येऊन राह्यला."

तेजरामांनी अंगठ्यानं माती दाबली. ठसा उमटला. उत्तर हो होतं की नाही, ते कळलं नाही.

आणि नेमके तेव्हाच धनीराम दार उघडून आत आले, मागं मंडपवाला. दोघं थांबले. मंडपवाल्यानं खिशातून टेप काढला. आधी ढोली मोजली, मग दार मोजलं, मग पुन्हा ढोली मोजली.

"साडेपाच," तो म्हणाला. "दार चारचं आहे."

इतक्या लोकांत हा हिशेब कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. गावात ढोली घरातच विणतात, घरातच लिंपतात, ती कधी बाहेर जातच नाही. जन्मभर तिथंच उभी राहते. म्हणून तिला बाहेर न्यायचं असेल, असं गिरजाबाईंच्या मनात येणार कुठून? आणि तेजरामांच्या मनात, गिरजाबाई आत असल्यानं, दुसरं काही आलंच नव्हतं.

"उद्या माह्या पोरीचा साखरपुडा आहे!" धनीराम ओरडले. "सिहोऱ्याचे पाहुणे येऊन राह्यले! जसाच्या तसा हॉल म्हणलो होतो मी!"

कवडू म्हणाला, "काल सांगतले असते तं दाबून काढलो असतो. आता माती बसली. दाबली का फुटते."

"मंग फोडा! तेजरामभाऊ, तुमी तं विभाजनवाले. अख्खा जिल्हा फोडले, हे काय मोठं आहे? दोन तुकडे करा, काढा बाहेर!"

सगळ्यांनी तेजरामांकडे पाहिलं. शेणानं माखलेला शर्ट, चष्म्यावर माती, हात कोपरापर्यंत काळे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या खास विषयातलं काम कुणी मान देऊन मागत होतं.

"हिचं होत नाही," ते म्हणाले.

"काहून होत नाही?"

"मामी आत आहेत."

"मंग त्याईले काढा ना पह्यले!"

"काढल्या तरी त्या आतच आहेत," तेजराम म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून कसं निघालं ते त्यांना कळलं नाही, धनीरामांना तर मुळीच नाही. पण तेजराम हात पसरून ढोलीसमोर उभे राहिले, आणि ओल्या लेपाला पाठ टेकल्यामुळे उरलेला शर्टही गेला.

शेवटी खुशबूच म्हणाली, "बाबा, राहू द्या ना. मी लिंपली आहे ती. खुर्च्या गोल मांडू."

"पाहुणे काय म्हणतीन?"

"धान लावतात का नाही सिहोऱ्याले? मंग समजन त्याईले."

धनीराम पाच मिनिटं पुटपुटत होते. मग त्यांनी अट घातली, की ढोलीला झेंडूची माळ तरी पाहिजे.

गिरजाबाई वर आल्या. कवडूनं हात दिला. जमिनीवर पाय टेकताच समोर जावई दिसला, तसा त्यांनी शेणाच्याच हातानं पदर नाकापर्यंत ओढला. "सत्ते," त्या म्हणाल्या, "त्याईले म्हण, हात धुवा."

भिंत गेली होती. तेजराम नळावर गेले.

साखरपुड्याला सिहोऱ्याचे पाहुणे आले आणि दारातच थबकले. मधोमध ती, माळ घातलेली, ओल्या मातीच्या वासाची. आधी नवरदेवाची आजी पुढं गेली, बोटाच्या पेरानं ठोकून तिनं आवाज ऐकला आणि मान हलवली. मग एकेक म्हातारा उठला, एकेक म्हातारी उठली, ठोकून, ऐकून, हात ठेवून परत आली. एक काका गाल टेकवून उभे राहिले ते निघेचनात. निघाले तेव्हा गालावर ढोली होती. फोटो काढायला टेकलेल्या नवरदेवाच्या मामाचा कोट गेला. हिरालाल जेवताना म्हणाला, "पत्र्याच्या कोठीले असे कोणी हात नाही लावत बा," आणि हा त्याच्या आयुष्यातला एकमेव असा विचार होता, ज्यात सल्ला नव्हता.

"कोणाच्या हातचं आहे हे?" त्या आजीनं विचारलं. सगळी बोटं कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळली. गिरजाबाई पदरात तोंड घालून बसल्या होत्या. खांदे हलत होते. हसत होत्या की दुसरं काही, ते तेजरामांना इतक्या लांबून दिसलं नाही.

मंगळवारी सकाळी बैठकीत दाराजवळ पिशवी होती. एकोडीला जायची साकोलीची बस आठला. सत्यभामाबाई स्वयंपाकघरातून बाहेर येत नव्हत्या. तेजराम खुर्चीत बसले, पेपर उघडला, तोंडासमोर धरला. वाचायला काही दिसत नव्हतं. एका निविदेच्या जाहिरातीवर नजर ठेवून ते पिशवी उचलल्याचा आवाज ऐकायची वाट पाहत होते.

पावलं आली. पेपरच्या पलीकडं थांबली.

"जवाईबापू," पेपरच्या पलीकडून आवाज आला, हळू, पण तोच खणखणीत. "पेपर खाली करू नका."

तेजरामांनी दोन्ही हातांनी पेपर घट्ट धरला.

"या शनिवारी चूल घालाची आहे. माती वारुळाचीच आणा. अन् शेण जास्त आणा, मागच्या खेपेले पुरलं नाही. पिशवीत जुनी लुगडी आहेत, ते तुडवाच्या वेळी बायकाईले लागतीन, भवनात नेऊन ठेवा." पावलं वळली, पुन्हा थांबली. "अन् पेपर उलटा धरले तुमी."

आठची बस गेली असेल. स्वयंपाकघरात कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली. सत्यभामाबाईंनी चहा आणून ठेवला आणि तो थंड होत आहे हे कुणी कुणाला सांगितलं नाही. साडेनऊपर्यंत तेजरामांनी पेपर खाली केला नाही, आणि सुलटाही केला नाही.